खोलीचा आवाज

लिफ्टच्या कामात पहिला नियम एकच. हात घालायच्या आधी वीज बंद करायची. चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झालो, ते या नियमामुळे. त्याच नियमानं घरात घोटाळा केला.

बायकोच्या टेबलाखाली एक काळी पेटी होती. बुटांच्या दोन खोक्यांएवढी. आत चार हार्ड डिस्क, पुढे चार हिरवे दिवे. बायको अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. पगार नव्हता, पण पगारी माणसापेक्षा वेळेला पक्की होती. शेवटच्या सहा वर्षांचं वाचन त्या पेटीत होतं. ती जाऊन चौदा महिने झाले होते आणि ते चौदा महिने पेटी चालूच होती. तिनं चालू केलेली, म्हणून मी बंद केली नव्हती. टेबलाजवळून जाताना हिरवे दिवे दिसायचे, तेवढंच.

एके सकाळी त्यातला एक दिवा लाल झाला.

मी काय करणार? वीज बंद केली. स्क्रू काढले. डिस्क बाहेर ओढण्याआधी प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं एक, दोन, तीन, चार असे ठिपके दिले. तारा सोडवायच्या आधी खूण करायची ही आमची सवय. धूळ फुंकली, डिस्क जागच्या जागी बसवल्या आणि बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिला यातलं कळतं.

"बाबा, बंद का केलीत?"

"लाल दिवा लागला म्हणून."

"एक डिस्क गेली, बाकीच्या तिघी सांभाळतायत, एवढंच सांगत होता तो दिवा. चालू ठेवून आधी सगळं दुसरीकडे काढून घ्यायचं असतं. जुनी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नसतं."

"लाल दिवा लागल्यावर लिफ्टमध्ये माणसं चढवत नाहीत."

"ती लिफ्ट नाहीये, बाबा." मग म्हणाली, "वाचलेली पुस्तकं वाचनालयाकडे आहेतच ना. आईचा आवाज कुठे जात नाही."

हे खरं होतं. पण मला पुस्तकं नको होती. ते मी तिला सांगितलं नाही.

बायको वाचायला बसली की आधी फ्रिजची पिन काढायची, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. पिन परत लावायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणजे फ्रिज उघडावाच लागणार. मग माइक चालू करायची आणि म्हणायची, "अहो, एक मिनिट." मी पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून बसायचो. एक मिनिट ती नुसती शांतता रेकॉर्ड करायची. नंतर वाचनातल्या चुका कापल्या की मधे भोक पडतं, ते या शांततेनं भरायचं. मी एकदा म्हटलं, शांतता ती शांतता, कुठलीही भर. ती म्हणाली, प्रत्येक दिवसाची वेगळी असते, कालची आजच्याला जुळत नाही. त्या शांततेला ती खोलीचा आवाज म्हणायची.

आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी ते मिनिट आम्ही एका खोलीत बसून काढायचो. मिनिट संपलं की "हं, हला आता" म्हणायची आणि मी बाहेर जायचो. वाचनालयाला गेलेल्या पुस्तकांत हे काही नाही. ते फक्त कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, आणि कच्चं फक्त पेटीत.

मुलीनं एका दुकानाचा पत्ता पाठवला. बंद पडलेल्या कचेऱ्यांची यंत्रं घेऊन विकणारं दुकान. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर कॉम्प्युटर, पंखे, तारांची वेटोळी. मालकीणबाई चाळिशीची, नाकावर चष्मा, बाह्या दुमडलेल्या. तिनं पेटी उलटीपालटी करून हुंगली.

"काका, हिचं पॉवरचं सर्किट जळलंय. वास घ्या. डिस्क कदाचित धडधाकट असतील."

"मग दुसऱ्या पेटीत घाला."

"अशी दुसरी मिळाली तर. डिस्कवर कसं लिहून ठेवलंय ते याच मॉडेलच्या पेटीला कळतं. भलत्या पेटीत घातल्या तर तिला त्या कोऱ्या वाटणार, आणि वर ती विचारणार, साफ करून घेऊ का? तुम्ही हो म्हणालात की आटोपलं."

"मी नाही म्हणेन."

"लाल दिव्याला काय म्हणालात ते सांगितलंत मघाशी."

जुळी पेटी शोधते म्हणाली. तोवर नवीन घर बघून ठेवा, म्हणाली. जे निघेल ते ठेवायला जागा हवीच.

आधी तिनं एक चपटा सर्व्हर दाखवला. "हा घ्या. दोन पॉवर सप्लाय आहेत, एक गेला तर दुसरा उभा." चालू केला तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज.

"सवय होते," ती ओरडून म्हणाली.

"कुणाला?"

"शेजाऱ्यांना नाही होत."

मी नको म्हणून मान हलवली. तिनं तो बंद केला. "काका, स्वस्तात इतकं दणकट मिळणार नाही. आवाजाचं काय घेऊन बसलात? कुलूप लावून ठेवा खोलीत."

"त्याच्या शेजारच्याच खोलीत ऐकायचंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मांडणीमागून एक उभा, जाड, करड्या रंगाचा सर्व्हर ओढून काढला. एका दवाखान्याच्या कचेरीतून आलेला. सहा डिस्कची जागा, मागे ताटलीएवढा पंखा. मोठा पंखा सावकाश फिरतो, म्हणून आवाज कमी. हे मला लिफ्टच्या मोटरीवरून ठाऊक होतं.

मी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मोटरीचं पोट असंच ऐकतात.

"ताप आहे का?" बाईंनी विचारलं.

"पंख्याचं बेअरिंग गेलंय. अजून सहा महिने ओढेल, मग ओरडायला लागेल."

तिनं स्वतः मूठ कानाला लावून पाहिली. मग दुसरा पंखा आणून बसवला. परत ऐकलं. आता लोण्यातून सुरी फिरावी तसं वाटलं.

"याची मेमरीही साधी नाही," ती म्हणाली. "स्वतःची चूक स्वतः पकडते आणि दुरुस्त करते."

"आमच्या घरी दुसऱ्याची पकडायची पद्धत होती."

ती हसली. नवीन घरासाठी चार डिस्क तिनं वेगवेगळ्या खोक्यांतून निवडल्या. जुन्याच, पण प्रत्येकीचे चाललेले तास पाहून आणि तपासणी लावून. एकाच खोक्यातल्या का नाही, मी विचारलं.

"एकाच खेपेच्या असल्या की एकदमच म्हाताऱ्या होतात. एकीमागोमाग दुसरी त्याच आठवड्यात जाते."

"माणसांचं तसं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

ती डिस्क पुसत राहिली.

जुळी पेटी शोधायला नऊ दिवस गेले. तिनं ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. मी रोज सकाळी जाऊन बसायचो. दहाव्या दिवशी बिल छापताना कागद अडकला, म्हणून तिनं प्रिंटर उचलला. खाली उंचीसाठी ठेवलेलं काळं खोकं तेच होतं. दार तुटलेलं, वर चहाच्या कपाचे गोल डाग.

"काखेत कळसा," ती म्हणाली. "काका, हे कुणाला सांगू नका."

"सांगणार. पण आधी चालू करा."

"क्रम? चारी डिस्क जशा होत्या तशाच लावाव्या लागतात."

मी पांढरे ठिपके दाखवले.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"चला. बंद केल्याचं पाप निम्मं फिटलं."

चारी बसवून तिनं बटण दाबलं. यांतली दुसरी म्हणजे लाल दिव्यावाली, ती मेलेलीच होती. पहिली आणि चौथी फिरल्या. तिसरी फिरेना, आणि तिघी फिरल्याशिवाय काही निघणार नव्हतं. टक, टक, मग गप्प. बाईंनी बंद करून पुन्हा चालू केलं. टक, टक. चौतीस वर्षांत अडकलेल्या लिफ्टबाहेर उभं राहून आतल्या माणसांना "काही होत नाही, शांत राहा" असं मी किती वेळा सांगितलं असेल. आता मला ते कुणी सांगत नव्हतं. तिसऱ्या वेळी ती कुरकुरत फिरली आणि तीन हिरवे दिवे लागले.

पडद्यावर डिस्कचे तास दिसले. एकेचाळीस हजार. मी मनात हिशेब केला. त्यातले शेवटचे दहा हजार बायको गेल्यानंतरचे होते.

स्क्रूड्रायव्हर लावून मी तिसरी ऐकली. "ही जाणार."

"कधी?"

"लिफ्ट असती तर आत्ताच 'बंद आहे'ची पाटी लावली असती."

"म्हणजे सगळं निघेल याचा भरवसा नाही. आधी काय काढू? इथे दोन कप्पे आहेत, एक 'पक्कं' आणि एक 'कच्चं'. पक्कं काढते. तयार पुस्तकं आहेत."

"कच्चं."

"काका, कच्च्यात काय आहे? खोकणं, अडखळणं, परत परत तेच वाक्य. नीट केलेलं सोडून रद्दी आधी काढायची?"

"नीट केलेलं वाचनालयाकडे आहे. त्यातून तिचं खोकणं काढून टाकलेलं आहे. कच्चं काढा, बाई."

तिनं कच्चं लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. मी स्टूल घेऊन समोर बसलो. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा बाई म्हणाल्या, ही चालूच राहील, तुम्ही घरी जा. मी गेलो आणि सकाळी कुलूप उघडायच्या आधी दारात हजर होतो. अकरा वाजता कच्चं संपलं. मग पक्कं सुरू झालं. दुपारी साडेतीनला तिसऱ्या डिस्कनं एकदा करकर केली आणि थांबली. पट्टी दोन तृतीयांशावर राहिली.

"उरलेलं गेलं," बाई म्हणाल्या.

"राहू दे."

निघताना तिनं मेलेल्या डिस्क ठेवून घेऊ का, असं विचारलं. भंगारात जातात, म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या.

सर्व्हर मी बाहेरच्या खोलीत ठेवला. मुलीनं फोनवर एकेक सांगत जोडून दिला आणि आतल्या खोलीत आईच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कप्पा उघडून दिला. सहाशे चौदा फायली.

"एवढं काय आहे यात, बाबा?"

तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी लहान असताना मलाही गप्प बसवायची. मला वाटायचं, शिक्षा आहे."

फोन ठेवल्यावर मी आतलं दार लावलं. पंख्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो फ्रिजचा. पिन काढली. तिच्या सवयीप्रमाणे किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. पलंगाच्या कडेला बसून पहिली फाईल लावली.

"अहो, एक मिनिट."

मग काही नाही. म्हणजे मला आधी काही नाही असं वाटलं. हळूहळू ऐकू आलं. खुर्चीची बारीक करकर. लांबून जाणारी एक मोटार. तिचा श्वास, नाकातून, थोडा घाईचा. आणि त्यामागे दुसरा, जाडसर, सावकाश. तो कुणाचा हे कळायला मला वेळ लागला. स्वतःचा श्वास माणूस कशाला ऐकतो? मी होतो तो. त्या खोलीच्या आवाजात मीही होतो.

"हं, हला आता."

मी हललो नाही. दुसरी फाईल लावली.

प्रत्येक फाईलचं पहिलं एक मिनिट धरलं तर सहाशे चौदा मिनिटं, म्हणजे दहा तास चौदा मिनिटं होतात. रोज एक ऐकली असती तर पावणेदोन वर्षं पुरली असती. मी तसंच ठरवलं होतं. पण दोन दिवसांत दोनशेच्या वर ऐकल्या. मधे डब्यांत होतं ते खाल्लं, कोरा चहा प्यायलो आणि परत येऊन कडेला बसलो. काही मिनिटांत दुसरा श्वास नव्हता. त्या दिवशी मी कामावर असेन. ती मिनिटं मी पुढे ढकलली नाहीत. तेव्हा नव्हतो, निदान आता बसावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "काका, यंत्र गरम होतंय का? पंखा ओरडतोय का?"

"नाही. शांत आहे."

"आणि तुम्ही? दहा दिवस रोज येऊन डोकं खात होतात, आता दोन दिवस पत्ता नाही. माझं शटर अडकतंय, तुमचा तो स्क्रूड्रायव्हर घेऊन या. चहा पाजते."

चप्पल घातली. खुंटीवर किल्ली नव्हती. खिसे चाचपले, टेबल पाहिलं, उशी उचलली. मग लक्षात आलं आणि फ्रिज उघडला. आंबूस वास आला. दूध नासून पातेल्यात त्याच्या गाठी झाल्या होत्या. वरच्या कप्प्यात किल्ली होती, हाताला कोमट.

तिची युक्ती चांगलीच होती. पण ती रोज बाहेर पडणाऱ्या माणसासाठी होती.

मी दूध ओतून टाकलं, फ्रिज पुसला, पिन लावली. तो घरघरायला लागला. किल्ली खिशात टाकली, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.