हात न लावलेले धुरे

धनराजभाऊच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या कोसमटोल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या धनराजभाऊला.

टेकडीच्या उतारावर त्याची भातखाचरं, म्हणजे धानाच्या बांध्या होत्या. पायऱ्यांसारख्या एकावर एक, आणि प्रत्येकीला दगडी बांधाचा, धुऱ्याचा टेका. आज्यापासून घर त्याच पायऱ्यांवर जेवत आलं होतं, पण जमीन कागदोपत्री जंगल खात्याची. जमिनीच्या हक्काचा पट्टा हवा तर तीन पिढ्यांची वहिवाट दाखवा, असा नियम. गावात ज्यांच्या आज्यांवर अतिक्रमणाच्या केसेस झाल्या होत्या त्यांचं नशीब फळफळलं, कारण केस म्हणजे वहिवाटीचा सरकारी पुरावा! कालचे गुन्हेगार बघता बघता पट्टेदार झाले आणि मिशांवर ताव देत हिंडू लागले. धनराजचा आजा पडला सज्जन. जंगलाचा गार्ड आला की तो एक कोंबडी द्यायचा आणि गार्ड गुन्हा विसरायचा. आता कोंबडीची पावती कुठून आणावी?

"एक डाव जेलात गेला असता बुढा, तं माहं कल्याण झालं असतं," धनराज चारचौघांत कपाळ बडवायचा.

अशात नागपूरच्या एक प्राध्यापक मॅडम आल्या. जुन्या शेतीच्या खुणा शोधत त्या टेकडी चढल्या आणि धुऱ्यांपाशी उकिडव्या बसून राहिल्या. खालचे धुरे गोंड राजांच्या काळातले दिसतात, म्हणाल्या, आणि वरचे त्याच्याही आधीचे, हजार वर्षांचे तरी असतील.

धनराजच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सरकार तीन पिढ्या मागतं, इथे तर तीसेक निघाल्या! जितकं जुनं तितका पट्टा पक्का, असा त्याने मनाशी हिशेब बांधला.

"या दगडांची मधे कुणी दुरुस्ती केली आहे का?" मॅडमनी विचारलं.

आता त्या घरची रीत अशी, की नवी सून पहिल्या उन्हाळ्यात आपल्या हाताने धुऱ्यावर दगड चढवणार, मगच बांधीत रोवणीला उतरणार. पुढे दरसाल ढासळलेले दगड बसवायचे तेही बायांनीच. धनराजची बायको गोकुळा बोलायला पुढे झाली.

"तू चूप राय वं!" धनराजने तिला दटावलं आणि छाती फुगवली. "दुरुस्ती? मॅडम, हजार वर्षांत कोण्या मायच्या लालानं हात नाई लावला याले!"

हे वाक्य त्याच्या फोटोसकट पेपरात छापून आलं. धनराजने गावभर बुंदी वाटली. टपरीवर चहा पिताना "आमच्या पूर्वजाइनं" असं तो इतक्या थाटात म्हणू लागला, की जणू पूर्वज आत्ताच त्याच्यासोबत चहा पिऊन गेले होते.

महिन्याभरात त्याच्या पट्ट्याच्या दाव्याची सुनावणी लागली. नवराबायको एस.टी.ने तालुक्याला गेले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर तोच पेपर.

"धनराजभाऊ, हजार वर्षांत कुणी हात लावला नाही म्हणता. मग शेती केली कुणी?"

धनराजच्या तोंडचं पाणी पळालं. "तसं नाई साहेब. दरसाल दगड आमीच बसवतो ना."

"असं? म्हणजे प्राचीन अवशेषांशी छेडछाड? हा गुन्हा आहे, बरं का. एकदाच काय ते सांगा. हात लावला, की नाही लावला?"

घ्या! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आज्याला जेलात पाठवायला निघालेल्या बहाद्दराला आता स्वतःचंच जेल दिसू लागलं.

"नाई लावला," तो पुटपुटला.

हात नाही, म्हणजे वहिवाटही नाही! साहेब खूश झाले. 'दावा नामंजूर' लिहायला त्यांनी पेन उचललं.

"मी लावला," गोकुळा संतापाने उभी राहिली. "लिवा गुन्हा. लगन होऊन आली तवापासून लावून राह्यली मी हात. माह्याआधी सासूनं लावला, तिच्याआधी तिच्या सासूनं. तिघीइचा बी गुन्हा लिवा, सालासकट लिवा, शिक्का मारा अन् त्याची नक्कल मले द्या."

साहेबांचं पेन कागदावर टेकायचं राहिलं.

"अवं, चूप! जेलात टाकतीन तुले," धनराज तिचा पदर ओढत कुजबुजला. बिचाऱ्याला अजूनही कळलं नव्हतं.

साहेबांना मात्र कळलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, खाली बसा," ते एकदम गोड आवाजात म्हणाले. "कशाला उगाच गुन्ह्याची भाषा?"

"गुन्हा लिवल्याबिगर नाई बसत," गोकुळा म्हणाली.