कोरडी साखळी

जमीन.

गोदामाच्या गर्डरला दोन साखळ्या, खाली जाड गादी. सक्करदऱ्यात मेघाताई आम्हाला साखळीवरच्या कसरती इथंच शिकवतात. आज वर जाऊन हात सोडायचे, आणि पायाला घेतलेल्या विळख्यानं मध्येच अडकायचं. जमलं तर शनिवारच्या खेळात मी. नाहीतर पिंकी.

बाबा पहिल्यांदाच बघायला आलेत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं फिटर होते. मी कपडे बदलून आले तर ते साखळीपाशी उभे. हातात चिंधी.

सहा फूट.

गार. जरा ओलसर की काय?

नऊ. आठ. नऊ.

स्वप्नात जिना चढावा तशी. पाय वर जातात, मी खाली. विळखा पाण्यासारखा सुटतो

जमीन. गादी.

तळहात काळे.

"ग्रीस कोणं लावलं?" मेघाताई.

"मी," मीच बोलले.

"खोटं बोलून राहिली," बाबा पुढे झाले. "म्या लावलं. कोरडी काहून ठेवता जी? कोरडी साखळी स्वतःलेच खाते."

"काका, ती खरडते म्हणून पोरगी अडकते. नाहीतर थेट खाली."

बाबांनी माझ्या पोटरीवरचे निळे वळ पाहिले.

"मले वाटलं, काका माह्या पार्टीत आहेत," पिंकी म्हणाली. कुणी हसलं नाही. मग तीच डिझेल आणायला धावली.

"सहा वाजेपर्यंत थांबते," मेघाताई म्हणाल्या.

शिडी.

डिझेल. साबणपाणी. कोरडं फडकं.
कडी.
कडी.
पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन भिंत चढून गेलं.
कडी.
शेवटी बाबांनी स्वतःचा पांढरा रुमाल वरपासून खालपर्यंत फिरवला. पांढराच राहिला.

पंधरा फूट.

विळखा घेतला. उलटी झाले. गादी आभाळात गेली. बाबा छताला पायांनी चिकटलेले, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले. इतके लांब हात त्यांचे कधी नव्हते.

सोडले.

 

 

साखळीनं पोटरी चावली.

थांबले.

"झालं?" बाबांचा आवाज.

"झालं, काका. शनिवारी मिनल."

"मंग उतर ना वं!"

ऐकू येतंय. पण साखळी हळूहळू फिरतेय, तिच्यासोबत गोदाम, तोंड वर केलेले बाबा, पुन्हा गोदाम.

"मिनल!"

"एक चक्कर, बाबा."