तांडेलाची पेज

शीतच होतं ते. भिकाजी तांडेलाच्या पांढऱ्या मिशीला चिकटलेलं, अजून ओलं, उकड्या तांदळाचं अख्खं शीत — मथुरा वाकवाकून पाहत राहिली. खाल्लं? ह्यांनी? अगं बाई! ताप उतरून नऊ दिवस झाले. नऊ दिवस वॉर्डातली नर्सची बाकी सगळी कामं टाकून ती सगळ्यांत आधी ह्याच खाटेशी वाडगा घेऊन बसायची, बाबापुता करायची, चमचा ओठांना लावायची, आणि म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवायचा... सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर घरी न्यायला सांगा. घरी कशाला, ते वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आज ती एका बाळंतिणीपाशी अडकली होती. मदतनीस बाईने सगळ्यांना वाढून ह्याचा वाडगा शेवटी नुसता उशाशी ठेवला होता. मग भरवलं कुणी?

"कोण भरवतला? आपणच घेतल्यांनी दोन घास," त्याची बायको जानकी म्हणाली. "सगळ्यांची पेज पिवान झाली, मगे. तांडेल मां ते, होडयेचे म्होरके! मचव्यार सगळ्या खलाशांच्या पोटात पडल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरणा नाय."

"मग नऊ दिवस मला सांगितलं का नाहीत?"

"माका वाटला, हॉस्पिटलातली रीत आसतली."

रीत! मथुराला हसू फुटलं, आणि हसता हसता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सगळ्यांत अशक्त तो पहिला — मिरजेला शिकताना घोटून घेतलेलं, कधी न चुकवलेलं. आणि रोज, अगदी मायेने, सगळे उपाशी असताना ह्या माणसाला पहिला घास घ्यायला लावायचा घाट तिने घातला होता... दुपारभर ती हवेत होती. सुया उकळताना, चादरी बदलताना मनात एकच — संध्याकाळी पलीकडच्या टोकापासून सुरुवात करायची, त्याला दिसेल अशी. दोन शितांनी काय होतंय, वाडगा रिकामा व्हायला हवा!

दिवेलागणीला ती मुद्दाम मोठ्याने विचारत निघाली, "संपली पेज? सगळी? शाब्बास!" अकरा खाटा झाल्या. बाराव्या खाटेवर भिकाजी उठून बसला होता — बसला होता! — आणि एकेका वाडग्यावरून नजर फिरवत होता.

"सगळ्यांका पावला?" नऊ दिवसांतलं त्याचं पहिलं बोलणं.

"पावलं, तांडेलानू."

त्याने वाडगा हातात घेतला. मग थांबला.

"आणि तू गो? तू जेवलंस?"

हो म्हणायचं, झालं. जिभेवर आलंही होतं... पण नोकरीची सात वर्षं, आणि त्याआधी आईच्या हाताखाली पाच भावांना वाढण्यात गेलेली सगळी वर्षं — वाढणारीला हे कुणी कधी विचारलं होतं? वाडगा तसाच धरून तो वाट बघत होता. आणि ह्या म्हाताऱ्याने आपल्यालाही त्याच्या माणसांत धरलंय हे कळून तिला हसू आणि हुंदका एकदमच आला, आणि सकाळपासून न जाणवलेली भूक अशी कडकडून लागली की खोटं बोलायला तिचं तोंडच उघडेना.