आत्याची डावी चप्पल

मांडी घालून बराच वेळ बसल्यावर तुमच्या पायाला कधी मुंग्या आल्यात? मग थोडी कल्पना करा. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मिटलेत तर पुढचं वाचणार कसं, तेव्हा उघडेच असू द्यात. तुम्ही उठलात, पाय जमिनीवर टेकवलात आणि वाटलं, हा पाय आपला नाहीच, कुणाचा तरी उसना आणलाय. तुमच्या मुंग्या दोन मिनिटांत जातात. आता समजा, त्या गेल्याच नाहीत. आणि समजा, तुम्ही ते घरात सांगितलंत, तर सगळे प्रेमानं "बरं, बरं" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

एका आत्याचं असं झालं.

ही आत्या भावाच्या घरी राहायची आणि बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. तुरपाई, काजं, बटणं यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला मनाचा एक मोठा आजार होता. जवळ कुणी नसताना आवाज ऐकू यायचे, शेजारीपाजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायचं. वीस वर्षं ती औषधं घेत होती. त्यांनी तिचं वजन वाढलं खरं, पण ते आवाज पुष्कळ शांत झाले होते. अजून कधीतरी एखादं वाक्य वेड्यावाकड्या वाटेनं जायचं, इतकंच. तिच्या मनाच्या डॉक्टरांनी घरच्यांना शिकवून ठेवलं होतं: ती वेगळं काही बोलली तर वाद घालू नका, हसू नका, "बरं" म्हणा आणि विषय बदला. घरच्यांनी हे इतकं मनावर घेतलं होतं, की आत्यानं तोंड उघडायचा अवकाश, "बरं" तयारच असायचं.

त्या वर्षी आत्या म्हणू लागली, "माझी डावी चप्पल कुणीतरी काढून नेलीय."

चप्पल तर तिच्या पायातच होती. मागे पट्टा असलेली, तपकिरी.

"बरं," आई म्हणाली. "चहा टाकू का?"

"बरं," बाबा म्हणाले. "त्या निळ्या शर्टाची बटणं झाली का गं?"

घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती, आत्याची भाची. कुठलीही गोष्ट उलटतपासणी केल्याशिवाय ती सोडायची नाही, म्हणून बाबा तिला वकीलबाई म्हणायचे. एका दुपारी ती शिवणमशीनजवळ येऊन उभी राहिली.

"आत्या, चप्पल पायात आहे की तुझ्या."

"दिसतेय मला. आंधळी नाहीये मी."

"मग नेली असं का म्हणतेस?"

आत्याचा सुईत दोरा ओवणारा हात थांबला. इतक्या दिवसांत "का" असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पायाला कळत नाही ना ती," ती म्हणाली. "उजव्याला कळते. डाव्याला वाटतं, चप्पलच नाही. मशीन चालवतानासुद्धा खाली बघून बघून पाय ठेवावा लागतो."

वकीलबाई खाली बसली. "डोळे मीट. मी दाबते, तू पाय ओळखायचा."

आत्यानं डोळे मिटले. मुलीनं अंगठ्याला चिमटा घेतला.

"उजवा. अगं, हळू घे."

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"घे की चिमटा," आत्या म्हणाली. "किती वेळ लावतेस?"

मुलीची दोन बोटं तेव्हा आत्याच्या डाव्या अंगठ्यावर होती आणि चिमटा घेऊन घेऊन पांढरी पडली होती.

तिनं पट्टा सोडून चप्पल काढली. तळाला शिवणाच्या सुईचा एक तुकडा रुतला होता, टोक वर. अंगठ्याखाली जखम होती, कडा लाल, मध्ये ओलं.

"दुखत नाही हे?"

"काय दुखत नाही?" आत्यानं वाकून बघायचा प्रयत्न केला, पण पोट आड येत होतं.

बाबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, तिचं ते नेहमीचं बोलणं."

"तुम्ही चार वेळा 'बरं' म्हणालात," वकीलबाई म्हणाली. "मी ऐकलंय."

चपलेतला सुईचा तुकडा काढून संध्याकाळी तिघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांसमोर एकच खुर्ची होती. सवयीनं बाबा तिच्यावर बसले, मांडीवर आत्याची जाडजूड फाइल. आत्या मागे उभी राहिली. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, बाबा पायाबद्दल दोन वाक्यं बोलले, आणि डॉक्टर म्हणाले, "मानसिक आजार आहे ना यांना? असे भास होतात. यांच्या मनाच्या डॉक्टरांनाच सांगा."

"ते म्हणतात, शरीराचं तुम्हाला दाखवा."

"आधी त्यांना विचारा."

"बरं," म्हणत बाबा उठायला लागले.

"भास दाखवू का तुम्हाला?" मुलीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत्याच्या पायाशी बसून पट्टा सोडला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते टेबलाला वळसा घालून आले, गुडघ्यावर बसले आणि जखम नीट पाहिली. मग आत्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. छोट्या यंत्रावर आकडा उमटला, तो त्यांनी दोनदा वाचला.

"रक्तातली साखर याआधी कधी तपासली होती?"

"कधीच नाही," बाबा म्हणाले.

"यांच्या काही औषधांनी ती वाढू शकते. दरवर्षी बघायला हवी. वाढलेली साखर बरीच वर्षं तशीच राहिली की पाय बधिर होतात." डॉक्टरांनी फाइलची पानं उलटली. "माझ्याकडे या तीनदा आल्यात. मीसुद्धा पाहिली नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं जखम धुतली, पट्टी बांधली. "अजून थोडा उशीर झाला असता तर अंगठा गेला असता. आता बहुधा वाचेल."

मग ते खुर्चीत बसले आणि बाबांना सांगू लागले. "यांच्या मनाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, त्या आपल्या मर्जीनं बंद करायच्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलतो. साखरेचं औषध लिहून देतो. तळवे रोज बघायचे. बरं, यांना तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं?"

बाबांनी छताकडे पाहिलं. मागे उभ्या आत्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मुलीनं बाबांची बाही धरली आणि ते उभे राहीपर्यंत ओढली. मग दोन्ही हातांनी खुर्ची करकरत मागे नेली, आत्याला तिच्यावर बसवलं, आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता विचारा."