पडद्यावरची माशी

हे कोणालाही खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. पण घडलंय. ज्यांच्या हातून घडलं ते आमचे जावईबापू इथेच, दाराजवळच्या खुर्चीत बसलेत. बसू देत. मामा थापा मारतोय असं वाटलं तर तोंड आहे त्यांना.

तर आमची भाची भाषांतरं करते. या खेपेला पुस्तक होतं चांगलं उशीएवढं जाड, आणि नेमका ऐन वेळी तिचा जुना काँप्युटर रडायला लागला. फाइल उघड म्हटलं की अर्धा तास विचार करायचा. जावईबापू बाह्या सरसावून पुढे आले. "आतली जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकतो. नवाकोरा होईल."

आणि खोटं कशाला बोलू, झाला! वीस मिनिटांत. खाली पट्टी, पट्टीवर घड्याळ, पिवळेधमक फोल्डर, सगळं जागच्या जागी. भाचीने झालेलं भाषांतर ठेवलेला पेनड्राइव्ह घेतला आणि खुर्ची ओढली.

"थांब, थांब," नवरा म्हणाला. "असाच वापरणार? हा तर साऱ्या जगासारखा दिसतोय."

"मग?"

"आपल्याला हवा तसा करून घेऊ. तासाभराचं काम."

तो तास अकरा दिवस चालला.

पिवळा रंग म्हणे ओरडतो. भाचीला तो कधी ओरडताना ऐकू आला नव्हता. ओरडत होता तो प्रकाशक, फोनवर. पण जावयांनी फोल्डर निळे केले, मग राखी केले, मग नुसत्या रेघा उरल्या. खालची पट्टी वर गेली, वरून डावीकडे. घरात नवं कपाट आल्यासारखे जावईबापू ती ढकलायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि मान तिरकी करून बघायचे. शेवटी पट्टीच काढून टाकली. एक अख्खा रविवार 'ळ' या एका अक्षरात गेला. त्याच्या पोटात हवा कमी आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरातला साबण संपलाय, हे मात्र त्याच बारीक नजरेला चार दिवस दिसलं नाही.

भाचीने शेवटची चार पानं कागदावर हाताने लिहून काढली. दुसरं काय करणार?

बाराव्या दिवशी प्रकाशकाचा निरोप आला. आज पाचच्या आत पुस्तक आलं नाही, तर ते दुसऱ्या बाईंना देतो. दोन वर्षांची मेहनत! भाची कागद घेऊन काँप्युटरसमोर उभी राहिली. समोर काळाकुळकुळीत पडदा. चिन्ह नाही, घड्याळ नाही, बाण नाही. माउससुद्धा उपटून टेबलाच्या खणात टाकलेला.

"सांग, नजरेला काही टोचतंय?" नवऱ्याने छाती फुगवून विचारलं.

"टोचायला आहे काय? मला टाइप करायचंय. कुठून करू?"

"एकदम सोपं. तीन बटणं एकत्र दाबायची. अशा चौऱ्याऐंशी जोड्या बसवल्यात. यादीच केलीये मी."

"कुठाय यादी?"

"आत."

"आणि ती उघडायची कशी?"

जावईबापूंनी डोकं खाजवलं. "तेवढं यादीत आहे."

तरी आज्ञा लिहायची खिडकी त्यांनी बोटांच्या सवयीने कशीबशी उघडली. तिथून वाट निघालीही असती. पण तेवढ्यात त्या काळ्या पडद्यावर एक काळी माशी येऊन बसली.

"हा ठिपका कसला?" जावई किंचाळले. "काहीतरी काढायचं राहिलंय!"

मग काय विचारता! पाऊण तास खटाखट बटणं. माशी उजवीकडून डावीकडे चालत गेली. "सरकला! सरकतोय, म्हणजे बंदही करता येणार!"

भाचीने वाकून पाहिलं. ठिपका मागचे पाय एकमेकांवर घासत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. "अरे, माशी आहे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. माशी म्हटलं असतं तर हा गृहस्थ उठून खिडक्यांना जाळी लावायला गेला असता, आणि जाळीचा रंग ठरेपर्यंत महिना.

"काँप्युटरमधल्या तुझ्या खात्यातच बिघाड दिसतोय," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "एक नवीन खातं काढून बघ ना. ठिपका तिथेही दिसला तर मग पडदाच खराब."

"हुशार आहेस!"

नवीन खातं निघालं. त्याला जावयांच्या आवडीनिवडीचा वारासुद्धा लागलेला नव्हता. खाली पट्टी, पट्टीवर घड्याळ, पिवळेधमक फोल्डर! एवढा उजेड एकदम अंगावर आल्यावर माशी उडाली ती थेट खिडकीबाहेर.

"गेला! गेला!" जावयांनी टाळी वाजवली.

"गेला ना? आता तूही जा."

भाचीने खणातून माउस काढला, आतून कडी लावली आणि पाचला चार मिनिटं कमी असताना पुस्तक पाठवून दिलं. त्या खात्याचा पासवर्ड तिने आजतागायत नवऱ्याला सांगितलेला नाही. आणि हे सगळं कोणी केलं? त्या काळ्या पडद्यावरच्या एवढ्याशा काळ्या—

"खोटं!"

दाराजवळची खुर्ची करकरली. इतका वेळ मान खाली घालून सगळं मुकाट गिळणारे जावईबापू ताडकन उभे राहिले होते. "साफ खोटं, मामा! काळ्यावर काळी माशी मला दिसली असती का? पडदा काळा नव्हताच मुळी. करडा होता, गडद करडा! निवडायला तीन दिवस लागले होते मला!"