डावीकडे फिरणारा

मी बोलतोय, एका बोटीच्या डाव्या इंजिनाचा, जन्मभर पाण्याखाली राहिलेला गिअरचा डबा. माझं म्हणणं लिहून काढतोय तो बोटवाल्याचा धाकटा भाऊ. त्याची शाळा लहानपणीच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द अगदीच साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

माझ्या पोटात फार काही नाही. वरून इंजिनाचा उभा दांडा येतो, त्याच्या टोकाला लहानसं दातेरी चाक. ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन मोठ्या चाकांना एकाच वेळी फिरवतं, आणि ती दोघं एकमेकांच्या उलट फिरतात. लिव्हर पुढे-मागे केली की बोट ढकलणारा पंखा यातल्या एका चाकाशी जोडला जातो आणि त्याच्याबरोबर फिरतो.

उजव्या इंजिनाखाली माझा जोडीदार होता. बोट पुढे न्यायला तो पुढचं चाक धरायचा, मी मागचं. म्हणून तो उजवीकडे फिरायचा, मी डावीकडे. एकच पंखा बोटीला एका अंगाला ओढतो. आम्ही उलट फिरायचो, म्हणून ती ओढ तिथल्या तिथे मिटायची आणि बोट सुतासारखी सरळ जायची.

पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात कामाला जाणारी माणसं आमची गिऱ्हाइकं. "भावाभावांचं पटत नाही, पण बोट कशी सरळ जाते बघा!" असं म्हणून हसायची.

मग जोडीदाराच्या पंख्याच्या दांड्याला मासेमारीची दोरी गुंडाळली गेली. तिनं पाणी अडवणारं तेलाचं सील कापलं, आत पाणी शिरलं, तेल दुधासारखं पांढरं झालं. कळेपर्यंत त्याचे दात गंजून गेले होते. मी एकटा उरलो, बोट तिरकी ओढत राहिलो. थोड्याच दिवसांत खडकावर आपटून माझ्या पंख्याची पाती तुटली.

डावा पंखा दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. थोरल्यानं, म्हणजे बोटवाल्यानं, मेलेल्या जोडीदाराचा उजवा पंखा मला चढवला. लिव्हर पुढे ढकलली आणि बोट मागे जाऊन धक्क्यावर धडकली.

"काय हो, घरी परत सोडताय का?" एक कामगार ओरडला.

थोरला लाजला नाही. "उलटा पंखा, तर लिव्हरही उलटी ओढायची. पाणी थोडंच विचारायला येतंय?"

"दादा, लिव्हर उलटी ओढली की याचं पुढचं चाक लागतं, ते नुसतं बोट मागे सरकवण्यापुरतं आहे," धाकटा हळूच म्हणाला. "रोजचं ओझं नाही झेपणार त्याला. डावा पंखा येईपर्यंत थांबूया ना."

"थांबायचं? लोक एकदा दुसऱ्याच्या बोटीत बसले की परत फिरकत नाहीत. फेरी गेली की आपण गेलो. शहाणपणा पुरे, दोरी सोड."

त्यानं दोरी सोडली. बोट पुढे गेली खरी. लिव्हर मागे, बोट पुढे. लोकांना गंमत वाटायची. मला ओरडता येत नाही, मी नुसता गरम व्हायचो. धाकटा काठावर आलं की माझ्यावर हात ठेवून बघायचा आणि पुन्हा दोरी सोडायचा.

भरल्या बोटीत, ऐन प्रवाहात माझ्या पुढच्या चाकाचे दात तुटले. इंजिन गरजत होतं, पंखा हलत नव्हता. बोट वाहत निघाली. माणसं देवाचं नाव घेत एकमेकांना धरून बसली. शेवटी दुसऱ्या एका बोटवाल्यानं दोर टाकून सगळ्यांना काठाला आणलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. उतरताना कुणी थोरल्याच्या तोंडाकडेही पाहिलं नाही.

संध्याकाळी भावांनी मला खोलून फळीवर ठेवलं. काळं तेल आणि त्यात दातांचा चुरा. "जाऊ दे," एवढंच थोरला म्हणाला. आता मी दुरुस्त होणार नाही. तुमच्याकडे असा कुणी उलटा फिरणारा असेल, तर त्याला त्याचाच पंखा द्या. नाहीतर धक्क्यावर निवांत बसू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर आला, दोर टाकणाऱ्या त्याच बोटवाल्यापुढच्या रांगेत उभा राहिला आणि कारखान्यात कामाला निघाला.