चौथ्या अर्थाची साक्ष

कोशकारांच्या अभ्यासिकेत त्या दिवशी 'लेज' या इंग्रजी शब्दाची नोंद पूर्ण व्हायची होती. खिडकीबाहेरची अरुंद पट्टी, कड्यातली चिंचोळी पायरी, समुद्रतळाशी गेलेली खडकाची धार, हे तीन अर्थ ग्रंथांनी सिद्ध झाले होते. चौथा, खाणीतला धातूचा थर, हाताशी असलेल्या एकाही ग्रंथात नव्हता. त्याला साक्ष एकच : खाणीत उभा जन्म घालवलेल्या दिवंगत मेहुण्याच्या, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाच्या, हस्ताक्षरातले कार्ड. लेखी साक्षीवाचून अर्थ छापायचा नाही, हे कोशकारांचे व्रत होते.

नेमके तेच कार्ड वाऱ्याने उडाले आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, वीतभर रुंदीच्या दगडी पट्टीवर, चार पावले दूर अडकले. सत्तरी ओलांडलेले कोशकार भिंतीला छाती टेकून बाहेर सरकले. कार्ड हाती आले. परंतु तोल सावरण्यासाठी पावसाच्या पाण्याचा नळ दोन्ही हातांनी धरणे भाग पडले. त्यांनी कार्ड दातांत धरले. इतक्यात पत्नीने आत येऊन दुधी काचेची खिडकी लावली आणि कडी घातली.

"अहो, सगळी कार्डं भुईवर पडलीत! कुठे आहात?"

कोशकारांच्या नाकातून केवळ हुंकार निघाला.

"हुं काय, हुं? न्हाणीघरातूनसुद्धा रुसवाच का? चहा गार झाला म्हणून माणसानं इतकं फुगावं! बसा तसेच. मी ताईकडे चालले, संध्याकाळी येईन."

नळाचा खिळा भिंतीतून किंचित हलला. जिभेवर शाईची कडवट चव उतरली. आत दाराचा आवाज झाला.

"अगं, थांब!"

कार्ड गिरक्या घेत खाली गेले, आणि जाणाऱ्या मालट्रकच्या टपावर बसून वळणाआड दिसेनासे झाले.

पत्नीने धावत येऊन खिडकी उघडली आणि ते जवळ सरकताच मनगट धरून त्यांना आत ओढले. "म्हातारचळ लागलाय का? वय काय, थेरं काय! काय पडलं ते?"

"कार्ड."

"मग लिहा दुसरं."

"दादांच्या हातचं होतं."

तिने मनगट सोडले नाही. ती म्हणाली, "मी सांगते ना. दादा घरी आला की तोच शब्द बोलायचा. लिहा माझ्या नावावर."

"ऐकीव साक्ष चालत नाही गं."

"मग राहायचं होतंत तिथेच!"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. नोंद तीन अर्थांनिशी मुद्रणाला गेली.